मूळ : एक निवडा

रात्री अडीचला रॉटरडॅमच्या या धक्क्यावर काही नसतं.
पुलाच्या खोलीत मी, समोर सहा पडदे,
एकावर बगळा, तासाभरापासून तोच.

पुलाची राखणदार आहे म्हणून
लगेच उपमा जुळवू नका.
पूल म्हणजे सातशे टन लोखंड, दोन मोटारी
आणि थंडीत अडकणारी एक कडी.
मी बटण दाबलं की तो लोकांना थांबवतो, एवढंच.

भाची सॅन्ड्रिन म्हणाली, मावशी, तीन अ‍ॅप आहेत,
देशोदेशीच्या माणसांसाठी,
तिन्ही उतरवून घे, मग ठरव.
जणू चपला. घालून चार पावलं चालून बघायच्या.

पहिल्यानं विचारलं : मूळ. एक निवडा.
आफ्रिकी. युरोपी. लॅटिन. मिश्र. इतर.

बाप केप व्हर्दचा, बोटीच्या इंजिनात तेल घालणारा,
आई झीलंडची, बटाट्याच्या शेतातली.
त्या दोघांनी एकमेकांना हेरलं तेव्हा
मध्ये एकही चौकोन नव्हता,
नाचाचा हॉल होता, आणि चुकून बदललेला कोट.

मी ‘मिश्र’वर बोट ठेवलं.
मिश्र. म्हणजे लोणचं. किंवा डाळ.
उचललं.

तरी दहा मिनिटांत सात जण आले.
एकानं लिहिलं, तुझा रंग दालचिनीचा.
दुसऱ्यानंही, दालचिनी.
तिसरा कॉफीवर गेला.
वाण्याच्या फळीवर बसवल्यासारखं झालं मला.

दुसऱ्या अ‍ॅपला चाळणी होती.
उंची, धर्म, पगार, वंश.
महिना एकोणीस युरो भरा,
नको ते वंश दिसणारच नाहीत.
कितीजणांच्या चाळणीतून मी गळून गेले असेन,
कोंड्यासारखी, आवाजसुद्धा न होता.

खोटं कशाला बोलू,
मीही एका देशापुढची खूण काढली.
माझा नवरा तिथला होता.
मग पुन्हा लावली.
मग ते अ‍ॅपच काढून टाकलं.

तिसरं दिसायला कुरूप, नारिंगी,
उघडायला आळस करणारं.
त्याचा पहिलाच प्रश्न :
आजारी पडल्यावर कुणाच्या हातचं काय हवं असतं?

मी लिहिलं : बापाच्या हातची कांजा.
कोंबडी, तांदूळ, भरपूर पाणी.
वर लिंबू नाही. कधीच नाही.

त्याच प्रश्नाखाली एलियास ताहापारी,
त्रेपन्न वर्षांचा, आसेनचा,
आजी-आजोबा मोलुक्का बेटांवरून
सहा महिन्यांसाठी आले ते आलेच.
त्यानं लिहिलं होतं :
पातळ भात, आलं, तळलेला कांदा, आईच्या हातचा.
आता मीच करतो. दरवेळी करपतो.

पेज.
कुठल्या कुठे दोन बेटं, आणि दोन्हीकडे पेजच.

मी विचारलं : एवढ्या पाण्यात करपतो कसा?
तीन ठिपके उमटले. विझले. उमटले.

तेवढ्यात रेडिओवर वाळूची बार्ज : पूल हवाय.
फोन पालथा घातला.
लाल दिवा, घंटा, आडवी दांडी.
एक सायकलवाला थांबला, एक पाय जमिनीवर,
तोही आपल्या फोनच्या उजेडात.
सातशे टन वर गेले. बगळा उडाला.
दांडी पुन्हा उठेपर्यंत चौदा मिनिटं.

फोन सरळ केला.
तुमची माहिती सत्त्याऐंशी टक्के पूर्ण, अ‍ॅप म्हणालं.
‘मूळ’ इथेही होतंच, अगदी तळाशी, ऐच्छिक.
राहू दे.

आणि त्याचं उत्तर :
ढवळता ढवळता आईशी बोलत बसतो.
लक्ष राहत नाही.

पडद्यावर नुसतं पाणी.
मी लिहिलं : आच बारीक ठेवायची.
बोलायचं तर हात चालू ठेवून.
पुढची बोट चार वाजून पाच मिनिटांनी आहे,
तोवर आहे मी.