निखारे

मोरेश्वर निखारे बॉयलरवर होता.
बुटीबोरीत पहिल्या दिवशी सुपरवायझरनं हजेरी घेतली
तेव्हा सगळी शेड हसली होती.
तोही हसला, सगळ्यांत मोठ्यानं.
मग रोज गेटवर कार्ड टेकवून म्हणायचा,
"चला बे, निखारे आले. आता पेटवा."

अकरा मेला पारा सेहेचाळीसवर होता.
माझी रात्रपाळी त्यानं घेतली होती,
माझ्या मेव्हण्याचं लग्न होतं भंडाऱ्याला.
त्याबद्दल एवढंच सांगतो.

मेडिकलनं आमच्या हातात दिलं
ते दोन माणसांना सहज उचलता आलं.
आम्ही चौघं गेलो होतो. चौघांनी उचललं.
गंगाबाई घाटावर सरण मात्र पूर्ण मापाचं रचत होते.
लाकूडवाल्यानं पावतीसाठी नाव विचारलं.
"निखारे."
त्याचं पेन थांबलं.
आणि कोण जाणे कुठून, माझ्या तोंडून गेलं,
"हाव. अर्धा तं जळूनच आला.
लाकडं कमी लावा, पैसे वाचतील."

गजभियेला आधी ठसका लागला.
मग टिनाच्या शेडमागे आम्ही चौघं
एकमेकांचे शर्ट मुठीत धरून हसत होतो,
पोट दुखेपर्यंत,
आणि पोट दुखत राहिलं,
हसू कुठं संपलं ते कोणालाच कळलं नाही.
मोऱ्याचे वडील लांबून पाहत होते.
त्यांना वाटलं, पोरं रडताहेत.
त्यांचं चुकलं
असं मला अजून म्हणता येत नाही.

दिवाळीनंतर, वर्धा रोडच्या एका लॉनवर
सावजीच्या स्टॉलपाशी
कंपनीला कोळसा पुरवणारा एक जण सांगत होता,
"अरे, नावच निखारे होतं साल्याचं!
अर्धा तं जळूनच आला म्हणे..."
माझेच शब्द. मी जिथं दम घेतला होता
तिथंच त्यानंही घेतला.
कोणाच्या तरी सफारीवर तर्री सांडली, इतके हसले लोक.
मी विचारलं, "पूर्ण नाव काय होतं?"
"कोणाचं?" तो म्हणाला.

त्याचं थोबाड फोडायला हात उचलणार होतो.
पण त्याच्या तोंडात
तोंड माझंच होतं.

तेव्हापासून हिशेब लावतोय.
किती दिवसांनी चालतं?
चितेपासून किती फुटांवर?
विनोदाला गेटपास असतो का,
वर फोटो, खाली रक्तगट,
आणि तो नसेल तर सिक्युरिटीनं
बाहेरच उभं करायचं हसणाऱ्याला?
आणि पाळी बदलून वाचलेला माणूस
आतला की बाहेरचा?
मोऱ्याला विचारलं असतं तर म्हणाला असता,
"एवढा इचार केला असता ना बे,
तं विनोद थंडा झाला असता."
म्हणाला असता का?
मेलेल्याच्या तोंडी आपल्या सोयीचं वाक्य घालणं
हे त्या कोळसेवाल्याहून बरं कसं?

वर्षश्राद्धाला तांडापेठेत गेलो.
प्रणिता चहा ठेवत होती.
लायटर टकटक, टकटक. बर्नर गप्प.
सिलिंडर हलवून पाहिलं तिनं आणि म्हणाली,
"पाहा भाऊजी, निखाऱ्यांचं घर,
अन् चहापुरती आग नाही."

मी फरशीकडे पाहत राहिलो.
एका फरशीला तडा होता, कोपऱ्यापासून मधापर्यंत.

"हसा ना," ती म्हणाली.
"घाटावरचं समजलं होतं मले.
त्याच दिवशी समजलं."

मला हसता आलं नाही.
मग तीच हसली थोडं,
कप कोरडेच होते तरी पुसून ठेवले परत,
आणि तन्मयला शेजारी पाठवलं
जास्तीचं सिलिंडर आहे का विचारायला.

जिन्यावरून त्याच्या चपलांचा आवाज गेला.
कडी वाजली.
"कोण हाय?" आतून कोणीतरी विचारलं.

"निखारे," तो म्हणाला,
खणखणीत.