इदलहोंडची पाटी

तिसऱ्या रेल्वे फाटकापासून माझं घर
मोजून एकशे चाळीस पावलं.
तरी रात्री दहानंतर मी टेबलाशी बसून
कॉम्प्युटरवर गाडी चालवतो, हे कळल्यावर
उद्यमबागेत अख्खी पाळी हसली.
‘अरे, खरी बघायची तर गच्चीत जा की!’
बघायची नाही रे.
न्यायची आहे.

दिवसभर लेथवर
मिलिमीटरचा शंभरावा भाग सांभाळणाऱ्या हातांत
रात्री बावीसशे टन येतात.
ब्रेक लावला तरी वजन लगेच ऐकत नाही,
आधी थोडा विचार करतं.

खरं तर लाकडाची करणार होतो, छोटी, हातानं.
माळ्यावर दोन फळ्या अजून आहेत,
आणि जर्मन इंजिनाची किंमत लिहिलेला कागद,
घडी घातला तो घातलाच.
मग भाच्यानं त्याचा जुना कॉम्प्युटर आणून दिला
आणि लोंढ्यापर्यंतचं सगळं जंगल
सव्वादोन जीबीत मावलं.

झाडं मात्र परदेशी निघाली.
गुंजीच्या पुढे पाइन! बर्च!
एक उन्हाळा नुसता उपटण्यात गेला.
मत्ती लावली, किंजळ लावला, फणस एकच काढला,
तोच चौदाशे वेळा.
माणूसही एकच आहे, निळ्या शर्टातला.
देसूरला उतरतो, खानापूरला चढतो,
गर्दीत स्वतःलाच मागून ढकलतो.

आवाज अडिवेप्पानं आणला.
अडिवेप्पा घटप्रभेचा, साखर कारखान्यात फिटर.
जुनी डिझेलं जायच्या आधी
लोंढ्याच्या फलाटावर हात वर करून
तासभर मोबाइल धरून उभा राहिला.
मधेच कुणीतरी ओरडलंय, ते काही केल्या निघत नाही.
म्हणून आजही पाचव्या नॉचवर
भर जंगलात, वाघाच्या वेळेला,
‘आम्लेट-पाव!’

अडलं ते पाटीपाशी.
दोन खांब, पिवळा पत्रा, काळी अक्षरं.
इथं विचारणारं कोण? फाइल माझी.
इदलहोंड, मराठीत लिहिलं. वर लिहिलं. मोठं लिहिलं.
आणि उगाच वळून दाराकडे बघितलं.
आमच्या जिल्ह्यात पाटी रंगवणारा
शिडीवर चढण्याआधी
रस्ता दोन्हीकडे बघून घेतो.
ती सवय माउसलाही लागलेली.

चार दिवस पाटी कोरी ठेवून गाड्या सोडल्या.
कोऱ्या पाटीपुढं थांबलं
की थांबल्यासारखं वाटत नाही.
शेवटी फाइल अडिवेप्पाला पाठवली,
म्हटलं, तुझी ओळ तू लिही.
त्यानं लिहिली. माझी हलवली नाही.
किती वर, किती खाली, यावर मात्र
दोघांनी फोनवर पाऊण तास घातला,
तो कन्नडात, मी मराठीत,
आणि काही जुळलं नाही.
मग त्यानंच तळाला एक आकडा घातला,
समुद्रसपाटीपासूनची उंची, दशांशासकट.
म्हणाला, ‘गाडीला तेवढंच वाचता येतंय बघ.’

आज इदलहोंडच्या अलीकडे सिग्नल लाल आहे.
समोरून कोणीतरी येतंय,
मीच वेळापत्रकात घातलेलं, मीच विसरलेलं.
उज्वला दारात. ‘अजून किती वेळ चालवूलैस?’
‘चालवत नाही. उभा आहे.’
ती पडद्याकडे बघते. स्टूल ओढते.

तेवढ्यात फाटकावरून खरी मालगाडी निघते.
खिडकीची काच वाजते, टेबल थरथरतं,
कपातल्या चहावर वर्तुळं,
आणि पडद्यावरच्या चौदाशे फणसांचं
एक पान हलत नाही.
शेवटची वाघीण जाईपर्यंत
आम्ही दोघं गप्प.

मग ती म्हणते,
‘हिरवा झाला की जोरात सोड.
त्या आम्लेटवाल्याला ऐकायचंय.’