मुठेल

मुसफ्फाच्या खोलीत सहा खाटा,
बारा टाचा, सगळ्या भेगाळलेल्या.
शालनवहिनीनं धाडलेलं मुठेल,
भिरंडाच्या बियांचं,
मुठीत दाबून वळलेलं:
चार बोटं स्पष्ट, अंगठीचा वळही.

विमानतळावर हुंगून विचारलं, साबण?
म्हटलं, हो, साबणच.

जुलैत, दिवसभर एसी बंद,
ड्यूटीवरून आलो तर डबीत
नुसतं पिवळट पाणी.
रात्री थिजलं पुन्हा,
पण डबीच्या आकाराचं.
बोटं गेली.

तमांग म्हणाला, दादा, थोडं देता?
त्याच्या टाचेत सिमेंट बसलेलं.
दिव्याखाली मीच चोळलं.
आधी कळवळला, मग गप्प.
वास नाही याला?
नाही, म्हटलं. खोबरेलासारखं हे
घराची आठवण काढत नाही.

डबीत आता नखांचे ओरखडे,
आणि सकाळी बुटांत
दोघांचेही पाय घसरतायत.