लाल निशाण

ढोरसड्यावर निशाण चढलं की समजायचं, आज गोळीबार.
मंगळवार, गुरुवार, आणि कधी न सांगताच.
निशाणाचं कापड जाड,
आमच्या वाडीत कुणाच्या अंगावर
एवढं धड कापड नव्हतं.

आधी दोघंच आले होते, तीन पायांचं यंत्र घेऊन.
गोमा मुकण्याने त्यांना पाणी दिलं,
झऱ्याची वाट दाखवली.
पुढच्या वर्षी झरा तारेच्या आत होता.

आत काय काय गेलं त्याची यादी मी केली,
वाडीत दहावी झालेला मी एकटा.
कडू कंदाचा चढ. मधाचे दोन कडे.
कालवं फोडायचा खडक, त्याला आम्ही म्हातारी म्हणतो.
मसणवट.
कचेरीतल्या बाईंनी विचारलं, क्षेत्र किती?
म्हटलं, आमची माणसं पुरतील एवढं.
त्यांनी रकाना कोरा सोडला.

मग पास निघाले.
चिंबोऱ्यांचा पास हिरवा, सकाळी सहा ते नऊ.
ओहोटी कधी लागते
ते समुद्राला कुणी विचारलं नव्हतं.

पोरं रात्रीची जाऊन पितळी टोपणं वेचायची,
भंगारवाला किलोवर घ्यायचा.
एक टोपण आधी फुटलंच नव्हतं.
लक्ष्याची दोन बोटं गेली.
कागदावर लिहिलं, फटाके.

भागी हिलमचा अंगठा यंत्रावर उमटेना.
पन्नास वर्षं कालवं फोडली,
रेषा खडकावरच राहिल्या.
तीनदा दाबला, पुसून दाबला, थुंकी लावून दाबला.
यंत्रावर बसलेला पोरगा म्हणाला,
हे म्हणतंय, ही बाई नाहीच.
भागी खो खो हसली. म्हणाली,
बेस झालं.
जी नाहीच, तिला आडवील कोण?

आणि खरंच ती रोज जात राहिली,
तारेखालून, टोपली आधी ढकलून.

वारली ती गुरुवारी.
निशाण वर होतं.

गेटवरचा शिपाई कोवळा, मिसरूड नुकतं फुटलेलं,
कुठल्या लांबच्या मुलखातला कोण जाणे.
कल लाना, म्हणाला.
वैशाखातलं मयत.
वाडीतल्या बाया काही बोलल्या नाहीत, फक्त
चादरीवरच्या माश्या हाकलत राहिल्या.
त्याने पास मागितला.
मी खिशातून नामंजूर अर्ज काढून दिला,
म्हटलं, साहेब, ही बाई नाहीच.
मग आत कोण चाललंय?

तो फोन लावत राहिला.
फोन वाजत राहिला.
आम्ही खाडीकडून वळलो,
तिथं ओहोटीला तार चिखलावर लोंबते,
आणि गुडघाभर चिखलातून
तिला खांद्यावरून डोक्यावर, डोक्यावरून खांद्यावर
पलीकडे नेलं.
एक आवाज झाला. बगळे उडाले.
लहानग्या ठमीने कान झाकले, रडली नाही.
दुसरा आवाज झाला नाही.
का झाला नाही, ते आम्ही विचारायला गेलो नाही.

कातळ कुदळीला दाद देईना.
दुपार गेली. हाताला फोड आले.
तिची कोयती तिच्या उशाला ठेवली,
वर धोंडे रचले.
परतताना कुणी वाकलं नाही,
तार हातानेच वर धरली.

महिन्याने नोटीस आली.
तेवीस जणांवर विनापरवाना प्रवेश.
तारखेला सगळ्यांचं जायचं-यायचं एसटीचं भाडं
गोमा बोटांवर मोजत होता, मध्येच म्हणाला,
नावं वाच रे.
मी वाचलं.
आरोपी क्रमांक एक: भागी बाळू हिलम,
वय अंदाजे सत्तर.

सगळे गप्प.
मग कुणीतरी मागून हसलं, अगदी भागीसारखं.
पुढं काय लिवलंय, गोमाने विचारलं.

पुढं लिहिलं होतं, राहणार.
गावाचं नाव शाईत फुटलं होतं, लागत नव्हतं.
मी तेवढंच वाचलं.
परत वाच, म्हणाला.
राहणार.