उत्तर दिले नाही

लाकडाचा हिशेब मीच लिहिला होता:
सुक्या मोळ्या अकरा, ओल्या सात,
दोरखंड एक, खांबासाठी सुताराला दोन नाणी,
आणि तुलूझहून आलेल्या पाद्रीबाबांच्या खेचराला दाणा.

त्याआधी तीन दिवस ती समोर उभी होती.
आल्दियार्द, लोकर पिंजणारी.
ती बोलायची डोंगरातल्या बोलीत,
मी उतरवायचो लॅटिनमध्ये.
मधल्या वाटेत पुष्कळ सांडायचं.
तिचा 'बाबा' माझ्या पानावर 'परमपिता' व्हायचा.

शपथ घे म्हटलं, घेतली नाही.
"माझ्या 'होय'ला टेकू कशाला?"
हे मी लिहिलं. गुन्हाच होता, लिहावं लागलं.

मग न्यायासनावरून प्रश्न आला:
अक्षर ओळखत नाहीस,
तरी चुलीपाशी चार बाया जमवून शुभवर्तमान सांगतेस,
परवानगी कुणाची?

तिनं नखात अडकलेली लोकर काढली, सावकाश.
म्हणाली,
"भूक लागायला परवानगी कुणाची लागते?"

कुणीतरी खोकलं.
माझी लेखणी थांबली, एक थेंब पडला.
थेंबाशेजारी मी लिहिलं:
उत्तर दिले नाही.

तिला वाचवायला लिहिलं की भीतीनं,
चाळीस वर्षं झाली, अजून नीट सांगता येत नाही.
वाचली तर नाहीच.

लिहिलं असतं तर ते पेटीत गेलं असतं,
मेणाच्या शिक्क्याखाली, कुलपात.
न लिहिलेलं माझ्यामागून घरी आलं,
माझ्या ताटात जेवलं.
एका रात्री दारू जास्त झाली
आणि भाच्याला सांगून बसलो.
भाचा मिठाची खेचरं हाकायचा, घाटापलीकडे.

आज पुलावर जकातीचा तंटा.
एक हमाल, मानेवर पोत्याचे वळ.
नाकेदार ओरडतोय, मठाच्या पुलावरून, परवानगीशिवाय?
आणि हा पोतं न उतरवता
तिचंच वाक्य म्हणतो.
शब्द न शब्द.
तिचं नाव त्याला ठाऊक नाही,
देवही त्यातून कुठेतरी वाटेत उतरून गेलेला.

लोक हसले.
मग हसायचे थांबले.

नाकेदार माझ्याकडे वळला:
म्हातारबा, तुम्हाला लिहिता येतं ना?
लिहा, काय म्हणाला हा.

हात कापतो हल्ली.
दौतीतली शाई सुकलीय,
थुंकी घालून कालवतो आहे.