वहीतला रकाना

कुपवाडच्या हळद गिरणीत
दर महिन्याच्या सात तारखेला मी भोंगा वाजवायचो
आणि वहीत लिहायचो: आवाज ठीक.
अकरा वर्षं. अक्षर बरं आहे माझं.

त्या दिवशी सराव होता.
सगळे कडुलिंबाखाली. आदगोंडानं डोकी मोजली,
परत मोजली.
एक कमी.

आत जुबेदा मुजावर पोती शिवत होती,
दाराकडं पाठ, तळहातांत मशिनची थरथर,
भोंगा तिच्या डोक्यावरच बोंबलत होता.
मी खांद्याला हात लावला तशी दचकली.
मग रिकामी शेड बघितली,
अर्धी टाचलेली पोती, कुणाची तरी राहिलेली चप्पल,
आणि टेबलावरच्या पिवळ्या भुकटीत
बोटानं लिहिलं: कधीपासून?

पाच मिनिटं, असं मी लिहू शकलो असतो.

दिवा बसवला. पांढरा, डोळ्यांत खुपणारा.
मालक म्हणाले, एक बास.
तिनं बाही धरून मला संडासापर्यंत नेलं,
आत जाऊन कडी लावली,
उघडली, आणि माझ्याकडं बघत राहिली.
दुसरा तिथं बसवला.

हळद सगळ्यावर बसते, दिव्यांवरही.
दर सोमवारी ती स्टुलावर चढते,
ओढणीच्या टोकानं काच पुसते.

वहीत आता अजून एक रकाना आहे: दिसतो?
तो मी भरत नाही.
तिथं सही तिची लागते.

गेल्या सात तारखेला तिनं सही केली नाही.
मी शिडी आणायला गेलो.