बंद पाठीचं कोंदण

अँटवर्पच्या स्टेशनामागे, दुसऱ्या मजल्यावर,
व्हेरस्ट्रेपेन बसतो. पाटी नाही.
बेल दोनदा वाजवायची, हे मला माझ्या दंतवैद्याने सांगितलं.

"काय ठाऊक आहे तुम्हाला हिच्याबद्दल?"
म्हटलं, आत्याची आहे. गोदेलीव्ह आत्या.
ओस्टेंडच्या धक्क्यावर कोळंबी सोलायची.
नवऱ्याने सत्तेचाळीस साली साखरपुड्याला घेतली, नवी कोरी.
भाऊ म्हणतो हिरा कसला, काच आहे,
बघ किती काळवंडलीय.

तो हसला नाही.
तोंडाजवळ नेऊन तिच्यावर श्वास सोडला.
बाष्प धरलं, आणि धरता धरता गेलंसुद्धा.
"काच इतक्या लवकर विसरत नाही."

मग भिंग डोळ्याला, आणि बराच वेळ काही नाही.
खालून ट्राम गेली. टेबलावरचा चिमटा थरथरला.

"नख्या नाहीत," तो म्हणाला, माझ्याशी की अंगठीशी कोण जाणे.
"नख्यांवर खडा उचलून धरायची रीत फार पुढची.
इथे चांदी कडेवर चहूबाजूंनी ओढून घेतलीय,
झोपलेल्या पोराच्या हनुवटीपर्यंत पांघरूण ओढावं तशी,
आणि मग बाजूंनी खरवडून तिच्या आठ बरगड्या ठेवल्यात.
हिरा खालून सपाट, वर घुमट, पैलू तिकोनी, हाताने पाडलेले.
आता उलटी करा."

उलटी केली.
पाठ बंद. सोन्याचा गुळगुळीत पत्रा, नखाएवढा.

"वर चांदी, हिरा पांढरा दिसावा म्हणून.
खाली सोनं, बोट काळं पडू नये म्हणून.
आणि दोघांच्या मध्ये, कुणाला दिसत नाही तिथे, डांक.
चांदीचा वर्ख, कांद्याच्या पापुद्र्यासारखा.
मेणबत्त्यांचा जमाना, बाई. उजेड मोजका,
आत गेलेला परत बाहेर फेकायला लागायचा.
खाऱ्या पाण्यात हात असायचे का त्यांचे?"

चाळीस वर्षं.

"मग डांक मेलाय. हिरा नाही."
भिंग काढलं. डोळ्याभोवती गोल वळ.
"सत्तेचाळीस सालची नवी, म्हणालात?
हे काम ह्या देशात आगगाडी आली त्याच्याही आधीचं.
आणि ही बरगडी बघा, आठवी. हिचा हात वेगळा.
कथलाचा डाग, घाईत दिलेला,
कारागिराकडे जायची सोय नसलेल्या माणसाने."

मी काका आठवू लागले.
गोदीत हमाल. लढाईच्या वर्षांत इथे, ह्याच भागात, कोळसा वाहायचा.
त्या वर्षांत ह्या जिन्यांवरची कितीतरी दारं
एका रात्रीत उघडी पडली, आणि उघडीच राहिली.
मी काही विचारलं नाही.
व्हेरस्ट्रेपेन चिमटा पुसत राहिला, स्वच्छच होता तो.

आत्या खडा तळहाताकडे वळवून घालायची.
जाळ्यात अडकतो गं, म्हणायची.
चर्चमध्येही तसाच. चर्चमध्ये कुठली जाळी?
झाकली मूठ, आणि मुठीत
आधीच झाकलेली एक पाठ.

"पत्रा कापून खुली करता येईल," तो म्हणाला.
"खालून उजेड येईल. आठवड्याचं काम.
पण मग ही ती राहणार नाही."
मी म्हटलं, राहू दे. मग म्हटलं, थांबा.
मग नुसतीच उभी राहिले, ओला रुमाल चुरगाळत.

त्याने पावतीबुक ओढलं.
बारीक, तिरक्या अक्षरात लिहिलं:
अंगठी एक. गुलाबघाटाचा हिरा.
कोंदण चांदीचं, बरगड्यांचं, पाठ बंद, खाली डांक, खराब.
एक बरगडी नंतरची.
पुढच्या ओळीपाशी पेन थांबलं.

"मालकाचं नाव?"

लीसेलोट, म्हणायचं होतं. चार वेळा स्पेलिंग सांगावं लागतं असं नाव,
तोंडपाठ.
खालून आणखी एक ट्राम गेली.
तो वाट बघत होता, पेन कागदाच्या किंचित वर धरून,
घाई न करता.